सहा महिन्यांची पलटण

ऑक्टोबर लागला की आमच्या रस्त्याच्या कुंपणांवर ब्लॅकबेरी सडायला लागतात. कोणी तोडत नाही. पावसानं फुगतात, मग पांढरी बुरशी धरतात आणि एक आंबूस वास रस्ताभर रेंगाळतो. त्यात कुणाच्या तरी धुराड्यातला टर्फचा धूर मिसळतो. टर्फ म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा. त्या जळतात तेव्हा जुन्या गोणपाटाला विस्तव लागल्यासारखं वाटतं. हा वास नाकाशी आला की मी आपोआप सावध होते. समोरून कुणी हसलं तर ते का हसलं, याचा विचार घरी येईपर्यंत करते. एखादी गाडी दारासमोर जरा हळू झाली की पडदा बोटभर सारून बघते. बाकीचे अकरा महिने मी इतकी वाईट नाही. पण ऑक्टोबर हा माझा संशयाचा महिना आहे. तो तसा झाला तीन वर्षांपूर्वी, बाबा इथे राहायला आले होते तेव्हा.

आमचं गाव आयर्लंडमधल्या मलिंगारपासून गाडीनं दहा मिनिटांवर. एक चर्च, एक शाळा, एक औषधांचं दुकान आणि दगडी मार्केट हाउस, ज्यात आता वाचनालय आहे. मी जवळच्या कारखान्यात शस्त्रक्रियेच्या नळ्या तपासते. समीर, माझा नवरा, आठवड्यातले तीन दिवस डब्लिनला जातो. ओवी तेव्हा नऊ वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इथल्या हेलातल्या इंग्रजीत.

बाबांनी चौतीस वर्षं विदर्भात जमिनीच्या नोंदी सांभाळल्या होत्या. फेरफार, वारसनोंदी, सातबारे. लोक खोटे कागद घेऊन यायचे आणि बाबा ते उजेडात धरायचे. त्या कामानं त्यांची नजरच तशी झाली होती. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी दुधाच्या डब्यांवरच्या तारखा वाचल्या, बॉयलरच्या तपासणीचं पत्र वाचलं, आमचा भाडेकरार वाचला. "यात दुसऱ्या पानावर सही नाही वं तुई," म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, इथे कोणी फसवत नाही." ते चष्मा पुसत म्हणाले, "असं कोणं सांगितलं तुले?"

खरं तर त्या वर्षी मलाही तशी खात्री नव्हती. शाळेच्या वळणावर दिव्याच्या खांबाला कुणीतरी एक फलक बांधला होता. त्यावर आमचं नाव नव्हतं, पण बाहेरून आलेल्यांनी परत जावं असं सांगणारा तो आमच्यासारख्यांबद्दलच होता. आठ दिवसांनी कुणीतरी काढूनही टाकला. बांधणारा कोण आणि काढणारा कोण, दोन्ही कळलं नाही. मग मी प्रत्येक चेहऱ्यावर ती दोन्ही कामं लावून बघायला लागले. हा बांधेल का? ही काढेल का?

शेजारचे नोएल काढतील, असं मला वाटायचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त शाळामास्तर, एकटे. आमचं घर त्यांचंच. त्यांची बहीण गेल्यावर त्यांनी आम्हाला भाड्यानं दिलं होतं. आयर्लंडमध्ये भाड्याचं घर मिळणं किती कठीण झालंय हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणून नोएलशी बोलताना माझा आवाज नेहमी अर्धा सूर वर असायचा. नोएल एका पुस्तकाची शेवटची पानं लिहीत होते. बाबांना जुन्या हस्तलिखितांची सवय आहे हे कळल्यावर त्यांनी कुंपणावरूनच आमंत्रण दिलं. "वसंत, तुम्ही या. माझ्याकडे एक वही आहे." बाबांना नुसतं 'वसंत' म्हणणारी माणसं कधीच संपली होती. ते क्षणभर लाजले आणि मला सोबत घेऊन गेले.

पुस्तक होतं या गावच्या पलटणीबद्दल. शंभरेक वर्षांपूर्वीची गोष्ट. इंग्रज निघाले, पण कुठल्या तहावर निघाले यावरून इथली माणसं आपसातच लढली. काल एकत्र लपलेली माणसं आज एकमेकांना शोधत होती. नव्या सरकारकडे पुरेसं सैन्य नव्हतं, म्हणून गावोगाव सहा महिन्यांच्या बोलीवर स्वयंसेवक घेतले. या गावातून त्रेसष्ट जण गेले. शेतमजूर, लोहार, एक शिंपी, एक बेकरीवाला. सहा महिने बंदूक धरायची आणि मग घरी. नोएल सांगत होते तेव्हा मला त्या मुदतीचंच आश्चर्य वाटत होतं. शेजाऱ्यावर बंदूक रोखायची, तीही ठरावीक मुदतीसाठी. मग सहा महिने आणि एक दिवस झाल्यावर त्याच शेजाऱ्याच्या बाकावर बसून चर्चमध्ये प्रार्थना कशी करायची?

एकेकाची मुदत संपायला लागली असताना त्या पलटणीवर पलीकडच्या गावच्या पुलावर हल्ला झाला होता. पहाटेची वेळ, धुकं. पुलाच्या एका टोकाला पहारेकरी असायला हवा होता, तो नव्हता. दोन पोरं मारली गेली. पहारा होता चौदा नंबरच्या शिपायाचा, जेम्स नावाच्या. तो आदल्या दिवशीच पळाला होता. ही हकीकत नोएलनी सांगितली तेव्हा त्यांचा आवाज वर्गात धडा वाचावा तसा सपाट होता. पलटणीचा कारकून होता नोएलचा आजोबा. हजेरीही तोच लिहायचा, पहाऱ्याच्या याद्याही तोच करायचा.

"मूळ रजिस्टर?" बाबांनी विचारलं.

"प्रेसमध्ये आहे," नोएल म्हणाले.

बाबांचा चेहरा पडला. घरी येताच म्हणाले, "मूळ प्रत कोणी छापखान्यात देते का? हरवली म्हंजे?" ओवी हसून सोफ्यावरून खाली आली. "आजोबा! प्रेस इज अ कपबोर्ड!" बाबा हसले नाहीत. "मंग तवाच काहून नाही दाखवलं?" एवढंच म्हणाले.

नोएलनी पुढच्या शनिवारी दुपारी ते दाखवलं. मी मधे बोलायला गेले होते, कारण बाबा इंग्रजी वाचत छान, बोलताना मात्र अडखळत. टेबलावर चहा होता, बटर लावलेले स्कोन होते. तपकिरी पुठ्ठ्याचं, पाठीला कापड लावलेलं रजिस्टर. नंबर, नाव, बापाचं नाव, भरती झाल्याचा दिवस, गेल्याचा दिवस, शेरा. जवळजवळ सगळ्यांपुढे शेरा एकच: मुदत पूर्ण. दोघांपुढे: मृत. आणि चौदा नंबरपुढे: पळाला.

बाबांनी रजिस्टर उचलून खिडकीपाशी नेलं. बराच वेळ त्यांची पाठच दिसत होती. बाहेर पाऊस भुरभुरत होता. मग ते म्हणाले, "मंजिरी, इचार यांले. नंबर कसे देत होते?"

"जसे येतील तसे," नोएल म्हणाले. "रांगेत."

"मंग तेरा नंबर पहिल्या रविवारी आला. पंधरा नंबर त्याच रविवारी आला. आनं मधातला चौदा पाच आठवड्यांनी कसा आला?"

मी भाषांतर करत गेले आणि अर्ध्या वाक्यात मला कळलं, मी काय बोलतेय ते. पण तोंडातून वाक्य निघून गेलं होतं. नोएलनी चमचा बशीत ठेवला. बाबा मात्र रंगात आले होते. त्यांना समोर माणूस दिसत नव्हता, नोंद दिसत होती. "आनं हे शाई पाहा. सहा महिने भरत गेलेलं रजिस्टर असं नसते. कधी दौत बदलते, कधी टाक बदलते, कधी हात थकलेला असते. हे कोणं तरी एका बैठकीत उतरवून काढलं आहे. मागावून." मग त्यांनी बोटांच्या पेरांवर महिने मोजले. "पहिल्या रविवारपासून सहा महिने धरले, तं हा पळाला म्हणते त्याच्या तीन दिवस आधीच याची मुदत संपली. हा पळाला नाही. हा घरी गेला."

मी हेही भाषांतरित केलं. थोडं मऊ करून.

"चहा गार झाला," नोएल म्हणाले. त्यांनी तिघांचे कप उचलले, सिंकमध्ये ओतले आणि पाठमोरेच बोलले, "मंजिरी, तुझ्या वडिलांचा काहीतरी गैरसमज होतोय. ही वही माझ्या आजोबांच्या हातची आहे." मग वळून त्यांनी रजिस्टर हळूच बाबांच्या हातातून काढून घेतलं.

घरी आल्यावर मी बाबांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "आपल्याला राहायचंय इथे, बाबा! त्यांच्या घरात! त्यांच्या आजोबांना खोटारडे म्हणून आलात तुम्ही!"

"म्या खोटारडा नाही म्हटलं. नोंद खोटी आहे म्हटलं."

"त्यांच्यासाठी एकच आहे ते!"

बाबा खिडकीशी जाऊन बसले. त्यांचे खांदे त्या स्वेटरमध्ये अचानक लहान दिसले. मला वाईट वाटलं, पण माफी मागितली नाही.

त्यानंतर नोएल दिसेनासे झाले. पूर्वी सकाळी हात करायचे. आता त्यांच्या स्वयंपाकघरातला पडदा तेवढा हलायचा. तीन दिवसांनी फोनवर त्यांचा संदेश आला: 'घराबद्दल नोव्हेंबरनंतर बोलावं लागेल.' एवढंच. मी तो संदेश किती वेळा वाचला असेल! 'लागेल' शब्दावर थांबायची. समीर म्हणाला, "अगं, साधं काहीतरी असेल." मी त्याच्यावरही चिडले. संध्याकाळी गुपचूप दुसरी घरं बघायला लागले. मलिंगारमध्ये एकही नव्हतं. स्लायगोपर्यंत शोधलं.

आणि ब्रीडा. खरं तर मला ब्रीडाबद्दलच लिहायचं आहे आणि मी मघापासून तिलाच टाळतेय.

ब्रीडा चर्चमागच्या घरात राहायची. ओवी दोन वर्षांची असल्यापासून ती तिला सांभाळायची. शाळा सुटली की ओवी तिच्याकडे, आणि कारखाना सुटला की मी. पंचावन्नची असेल, ठसठशीत बांध्याची, हातावर सतत पीठ. तिची आणि नोएलची बोलाचाल नव्हती. शाळेच्या फाटकाशी नोएल थांबलेले दिसले की ती रस्ता ओलांडायची. मी बरोबर असले की मला वाटायचं, माझ्यामुळे. म्हणजे माझ्याबरोबर ती नोएलना दिसायला नको असेल, किंवा नोएल माझे घरमालक म्हणून काही. संशयाला स्वतःपलीकडे बघता येत नाही. गावातलं प्रत्येक मौन मला माझ्याचबद्दल वाटत होतं.

त्या शनिवारनंतरच्या गुरुवारी ब्रीडानं सफरचंदाचा टार्ट केला होता. तिच्या मागच्या झाडाची सफरचंदं, दालचिनी, स्वयंपाकघराच्या काचांवर वाफ. ओवी पुढच्या खोलीत गृहपाठ करत होती. ब्रीडा म्हणाली, "तुझे वडील नोएलकडे जातात म्हणे."

माझा काटा थांबला. "जायचे."

"त्याच्या पुस्तकात माझे आजोबा असतील," ती म्हणाली. "जेम्स. चौदा नंबर." ती टार्टचा दुसरा तुकडा कापत होती, सुरी अगदी सरळ धरून. "माझ्या वडिलांना शाळेत 'चौदा' म्हणायचे. नावानं नाही. मास्तरसुद्धा. मोठे झाल्यावर ते चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचे, दाराशी. मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, पुढे बसलं की पाठीला नजरा लागतात."

मला सांगता आलं असतं. तिथेच, तेव्हाच. पाच वाक्यं पुरली असती. पण मला पडदा दिसत होता, संदेश दिसत होता, बांधलेली खोकी दिसत होती. शिवाय, मी मनाला सांगितलं, बाबांचं चुकलंही असेल. मी म्हणाले, "अरेरे," आणि टार्ट खाल्ला. मग पुढचे चार आठवडे रोज त्या स्वयंपाकघरात गेले, चहा प्यायले, आणि रोज तीच गोष्ट न सांगता बाहेर पडले.

इथल्या रिवाजानं हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेली. पाचलाच अंधारायला लागलं. रस्त्यावरची पानं ओली होऊन पायांना चिकटायची, घरात फरशीवर त्यांचे तपकिरी ठसे उठायचे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी बाबा मागच्या अंगणात पानं गोळा करत होते. मी घरीच होते. कुंपणापलीकडे नोएल येऊन उभे राहिले. मी दार उघडून धावलेच, भांडण होईल या भीतीनं.

"वसंत," नोएल म्हणाले, "मी चाळीस वर्षं मास्तर होतो. एका बैठकीत उतरवलेला गृहपाठ मला ओळखता येतो."

मी बाबांना सांगितलं. बाबांनी झाडू खाली ठेवला. त्यांना राग आला नाही, आश्चर्यही वाटलं नाही. "यांले आधीपासून माहीत होतं तं?"

"होतं."

"मंग मले काहून दाखवलं?"

नोएलनी कुंपणाची ओली फळी हातानं पुसली. "कुणीतरी ते मोठ्यानं बोलायला हवं होतं. गावातला कुणी बोलला नसता. तुम्ही डिसेंबरात परत जाणार होता." मग म्हणाले, "आणि तुम्ही बोललात तेव्हा मला तुमचा राग आला. हेही सांगायला आलोय."

म्हणजे माझ्या वडिलांना वापरलं होतं. मी हे भाषांतर करताना मऊ केलं नाही. बाबा मात्र हसायला लागले, अगदी खांदे हलवून. "हुशार आहे मास्तर," म्हणाले. मला हसू आलं नाही. आजही येत नाही. मी घराबद्दल विचारलं. नोएल गोंधळले. "खिडक्या बदलायच्यात. पुस्तकाचं काम आटोपलं की बोलू, म्हणून नोव्हेंबरनंतर म्हटलं." चार आठवडे मी त्या वाक्यापायी झोपले नव्हते.

पुस्तकाचं प्रकाशन एका शनिवारी दुपारी वाचनालयात झालं, त्याच मार्केट हाउसमध्ये, ज्याच्या पायऱ्यांवर ती त्रेसष्ट पोरं रांगेत उभी राहिली होती. चाळीसेक माणसं असतील. ओल्या कोटांचा वास. मागच्या रांगेत, दाराशी, ब्रीडा. नोएलनी तिला टपालानं निमंत्रण पाठवलं होतं आणि ती आली होती, याचंच मला नवल वाटलं. तिनं मला शेजारी जागा धरली होती.

नोएलनी आधी पलटणीबद्दल सांगितलं. कवायतीच्या बंदुका कमी होत्या म्हणून झाडूचे दांडे धरलेले. बुटांची मापं चुकलेली. पलीकडच्या बाजूला सख्खा भाऊ असलेले तिघे. लोक हसले, हळहळले. मग त्यांनी चष्मा काढला.

"चौदा नंबरचा जेम्स पळाला नव्हता," ते म्हणाले. "त्यानं सहा महिने पूर्ण केले आणि तो घरी गेला. त्याच्या जागी दुसरा पहारेकरी लावायचं काम माझ्या आजोबांचं होतं. ते राहून गेलं. नंतर त्यांनी रजिस्टर नव्यानं लिहून काढलं आणि जेम्सच्या भरतीचा दिवस बदलला. पुस्तकात मी तसं छापलं आहे."

मी ब्रीडाकडे बघायचं धाडस केलं नाही. मग ती उठली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज फार मोठा झाला.

"तुला कधीपासून माहीत आहे, नोएल?"

"बारा वर्षं. वडील गेले आणि वही माझ्याकडे आली, तेव्हापासून."

"माझे वडील नऊ वर्षांपूर्वी गेले," ती म्हणाली.

नोएलनी हातातल्या पानाची घडी केली, परत उलगडली. तीन वर्षं होती त्यांच्याकडे. शेवटच्या बाकापर्यंत चालत जायला तीन वर्षं. ब्रीडा बाहेर पडली आणि मी तिच्यामागे. पायऱ्यांवर पाऊस होता. ती वळली.

"हे तुझ्या वडिलांनी शोधलं?"

"हो."

"कधी?"

मला खोटं बोलता आलं असतं. "टार्ट केला होतास त्याच्या आधी," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं, जसं मी गावाकडे बघत आले होते तसं. मी कोण आहे हे नव्यानं ठरवत असल्यासारखं. मग ती पावसात निघून गेली. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे गाव मला आपलं मानणार नाही. त्या चार आठवड्यांत मी पुरती या गावची झाले होते. सगळे जसे गप्प बसले तशी मीही बसले होते.

बाबा डिसेंबरात गेले. हिवाळाभर ओवीला शाळेतच थांबावं लागायचं. ब्रीडा दिसली की मान हलवायची, तेवढंच. मार्चमध्ये एकदा ओवी शाळा सुटल्यावर कुणाला न विचारता सरळ ब्रीडाकडे गेली. मी घाबरी होऊन पोचले तर दोघी कणीक मळत होत्या.

"मी सांगायला हवं होतं," मी दारातच म्हणाले.

"हवं होतं," ब्रीडा म्हणाली. "आत ये, गारठा शिरतोय."

ती त्यावर पुन्हा बोलली नाही. पण अजून कधीतरी गप्पांच्या मधे थांबते, माझ्याकडे रोखून बघते आणि विचारते, "आणखी काही?" मी म्हणते, नाही. ती मान हलवते. तिला पटलं की नाही, ते मला कळत नाही. बाबा नागपूरहून फोनवर अजून विचारतात, "त्या बाईनं माफ केलं का तुले?" मी हो म्हणते. मग म्हणतात, "आनं मास्तराले?" त्यावर मी ओवीला फोन देते.

काल औषधांच्या दुकानात फ्लूची लस घ्यायला गेले होते. मागच्या बाजूला चार खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर नोएल, एक्याऐंशीचे, बरेच वाळलेले. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी. माझ्यामागून ब्रीडा आली. मी भिंतीशी उभी राहिले. ती जाऊन त्यांच्या शेजारी बसली. दुसरीकडे जागा नव्हती म्हणूनही असेल. दोघं समोरच्या सूचनाफलकाकडे बघत होती.

नोएलचं नाव पुकारलं. ते उठले आणि कोट काढायला लागले, पण उजवा हात बाहीत अडकला. त्यांनी दोनदा झटकून बघितलं. दुकानातले सगळे दुसरीकडे बघायला लागले. ब्रीडानं सुस्कारा सोडला, उभी राहिली, बाहीचं टोक धरलं आणि ओढलं. हात सुटला. कोट तिच्या हातात राहिला. नोएल तिच्याकडे बघून काहीतरी बोलायला गेले, पण ती आधीच वळली होती. मी तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते. हे काय होतं, दया की वैताग, की नुसती रांग पुढे सरकावी म्हणून.

"नुसती बघत काय उभी राहिलीस?" ब्रीडा मला म्हणाली. "हा कोट धर."

मी धरला. जड होता, ओला, आणि आतून अजून कोमट.